बाजाराचं सॉफ्टवेअर लिहायचंय? आधी एका सौद्याच्या मागे जा

दर जून-जुलैत मला तीन-चार फोन ठरलेले. कुणाच्या भाच्याला, कुणाच्या सुनेला ‘तुमच्या त्या शेअर बाजारवाल्या बँकेत’ मुलाखतीचा कॉल आलेला असतो आणि विचारायचं एकच असतं: काय वाचून जाऊ? तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून टाकते. सोळा वर्षं हेच काम करतेय. सीडॅकचा सहा महिन्यांचा डिप्लोमा करून लागले, आता खराडीत एका परदेशी बँकेच्या टीममध्ये आहे, राहायला कोथरूडला. ट्रेडर नाही, कधी नव्हते. ट्रेडर जे करून ठेवतात ते निस्तरणारं सॉफ्टवेअर लिहिते.

माझे बाबा सदाशिव पेठेत एका सब-ब्रोकरकडे कारकून होते. तेव्हा कुमठेकर रस्त्यावर आपलं पुणे स्टॉक एक्स्चेंज होतं. १९८२ ला स्थापन झालं, २०१५ मध्ये सेबीच्या आदेशाने कागदोपत्रीही संपलं. बाबा संध्याकाळी कॉन्ट्रॅक्ट नोटा, म्हणजे ग्राहकाला द्यायच्या सौद्याच्या पावत्या, आणि सौद्यांची वही घेऊन बसायचे. जुळलं की निळी टिक, नाही जुळलं की लाल. लाल म्हणजे वांधा. वांधा मिटल्याशिवाय जेवायला उठत नसत. मी नोकरीला लागल्यावर तीन महिन्यांनी त्यांना सांगितलं की आमचा प्रोग्रॅम रात्री दोन फायली घेतो आणि न जुळलेल्या ओळी वेगळ्या काढतो. ते म्हणाले, ‘म्हणजे माझंच काम. फक्त पगार बरा.’ आमच्यात लाल टिकेला ब्रेक म्हणतात, एवढाच फरक.

काम नेमकं कुठलं ते आधी विचारा

लोकांच्या डोळ्यांसमोर भिंतभर स्क्रीन आणि मायक्रोसेकंदाची शर्यत असते. ते काम जगात आहे, पुण्यात थोडं आहे. येरवडा, खराडी, मगरपट्टा इथे बार्कलेज, यूबीएस, डॉइश बँक, बीएनवाय वगैरेंची जी केंद्रं आहेत, तिथली बरीच मंडळी सौदा झाल्यानंतरच्या वाटेवर काम करतात. जाहिरातीत फ्रंट, मिडल, बॅक ऑफिस असे शब्द असतात. फ्रंट म्हणजे ट्रेडरसमोरचं: भाव दाखवणं, ऑर्डर पाठवणं. मिडल म्हणजे जोखीम आणि रोजचा नफा-तोटा. बॅक म्हणजे समोरच्या पार्टीशी कागद जुळवणं, शेअर-पैसे हलवणं, नियामकाला अहवाल देणं.

नवी मुलं फ्रंट म्हटलं की खूश आणि बॅक म्हटलं की नाक मुरडतात. मला उलटं वाटतं. बॅक ऑफिसमध्ये दोन वर्षं घासलेला माणूस पुढे कुठेही चालतो, कारण वरची चूक खाली कुठे येऊन आपटते हे त्याने बघितलेलं असतं.

मुलाखतीत शेवटी ‘काही विचारायचंय का?’ म्हणतात तेव्हा संस्कृती-बिंस्कृतीचं विचारत बसू नका. चार गोष्टी विचारा: प्रॉडक्ट कुठलं, म्हणजे शेअर, बाँड, चलन की डेरिव्हेटिव्ह? प्रदेश कुठला? तुमचं सॉफ्टवेअर वापरणारा माणूस कोण आणि तो कुठे बसतो? ऑन-कॉल, म्हणजे अवेळी फोन आला की उठायची पाळी, किती आठवड्यांनी येते? उत्तरं ऐकली की पुढची दोन वर्षं कशी जाणार ते कळतं. न्यूयॉर्कचा डेस्क, म्हणजे तिथल्या ट्रेडरांचा गट, असेल तर त्यांचा बाजार उघडतो आपल्या संध्याकाळी सातला, हिवाळ्यात आठला. लंडन असेल तर दुपारी साडेबारा किंवा दीड. टोकियो असेल तर पहाटे साडेपाच, आणि तो मनुष्य तुम्हाला चहाच्या आधी मेल करणार.

पहिला महिना: एकच सौदा

नवीन माणसाला सगळे आर्किटेक्चरचं चित्र दाखवतात. चाळीस चौकोन, शंभर बाण. त्यातून कुणालाही काही कळलेलं मी बघितलेलं नाही. मी सांगते, कालचा एक सौदा पकड आणि पैसे हातात पडेपर्यंत त्याच्या मागे जा.

मागच्या वर्षी कोल्हापूरचा एक मुलगा आमच्याकडे आला. हुशार, जावा पक्कं, पण ‘सेटलमेंट’ (शेअर आणि पैशांची प्रत्यक्ष अदलाबदल) म्हटलं की मान डोलवायचा आणि डोळ्यांत काही नाही. त्याला एका ऑर्डरचे फिक्स मेसेज कागदावर छापून दिले. फिक्स म्हणजे ऑर्डर पाठवायची बाजाराची भाषा; १९९२ साली फिडेलिटी आणि सालोमन ब्रदर्स यांच्यात सुरू झाली आणि अजून जगभर चालते. दिसायला गबाळी: आकडा, बरोबरचं चिन्ह, किंमत, असं ओळीने. ३५=डी म्हणजे नवीन ऑर्डर. ५४=१ म्हणजे खरेदी, २ असता तर विक्री. ३८=५०० म्हणजे पाचशे नग. ४४ मध्ये भाव. ११ मध्ये आपण त्या ऑर्डरला दिलेलं नाव.

मग उत्तर आलं. ३५=८, म्हणजे ऑर्डरचं काय झालं त्याची खबर. ३२=२००, आत्ता दोनशे मिळाले. १४=२००, आजवर एकूण दोनशे. १५१=३००, अजून तीनशे बाकी. मुलगा खूश. म्हणाला, ‘मॅडम, म्हणजे चौदा अधिक एकशे एक्कावन्न नेहमी अडतीस. मी याची तपासणी लिहून टाकतो.’ म्हटलं, लिही. (मॅडम म्हणू नकोस हेही सांगितलं. आमच्याकडे डायरेक्टरलाही नावाने हाक मारतात. त्याला ते जमायला दिवाळी उजाडली.)

दुसऱ्या दिवशी त्याच्या तपासणीने टेस्टमध्ये सत्तर ठिकाणी बोंब मारली. मी काही बोलले नाही. तासभर कागद चाळून तो स्वतःच आला: ग्राहकाने दोनशे मिळाल्यावर उरलेली ऑर्डर रद्द केली की १४ मध्ये दोनशेच राहतात, पण १५१ होतो शून्य. बाकी काही मिळायचंच नाही, तर बाकी तीनशे कशी लिहिणार? हे पुस्तकात एका ओळीत असतं. पण त्या सत्तर बोंबांनी त्याला ते जन्मभरासाठी कळलं.

पुढे आम्ही तोच सौदा धरून चाललो. बुकिंगच्या सिस्टिममध्ये त्याला नवीन नंबर मिळाला. तिथून तो कुठल्या बुकात (ट्रेडरच्या हिशेबाच्या वहीत), कुठल्या खात्याला गेला ते पाहिलं. मग समोरच्याच्या बँकेचे आणि कस्टोडियनचे, म्हणजे त्याचे शेअर सांभाळणाऱ्या संस्थेचे, तपशील त्याला चिकटले; यांना एसएसआय म्हणतात. मग दोन्ही बाजूंची खातरजमा, मग शेअर इकडे आणि पैसे तिकडे. वाटेत त्या एका सौद्याला पाच नावं पडली: आपल्या ऑर्डरचा नंबर, एक्स्चेंजच्या ऑर्डरचा, एक्झिक्युशनचा, बुकिंगचा आणि सेटलमेंटचा. ऑपरेशन्सच्या बाई तुम्हाला फोनवर पाचवं नाव सांगतात आणि तुम्ही लॉगमध्ये पहिलं शोधत बसता. नव्या माणसाचा निम्मा दिवस यातच जातो. कुठल्या सिस्टिममध्ये कुठलं नाव आणि एकावरून दुसरं कसं काढायचं, याचा तक्ता वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवा. क्वेरीसकट.

हे आता जास्त महत्त्वाचं झालंय, कारण चुकीला मुदत उरलेली नाही. आपल्याकडे २७ जानेवारी २०२३ पासून सगळे शेअर टी अधिक एक झाले, म्हणजे आजचा सौदा उद्या मिटला पाहिजे. अमेरिकेत तेच २८ मे २०२४ ला आलं. तिथे त्याच दिवशी रात्री नऊपर्यंत सौद्याची खातरजमा व्हावी अशी अपेक्षा असते. आपले सकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. पूर्वी ब्रेक दिसला की ‘उद्या बघू’ चालायचं. आता उद्या म्हणजेच सेटलमेंट.

आणि हो, ऑपरेशन्सच्या माणसांशी ओळख करा. वरच्या साहेबांशी नंतर. मला या धंद्यातलं जे खरोखर येतं त्यातलं निम्मं तरी दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बायकांनी एक्सेल उघडून दाखवलेलं आहे.

नोकरी नसताना घरी काय कराल

कोर्सची सर्टिफिकेटं मुलाखतीत मला फारशी हलवत नाहीत. एनआयएसएमच्या (सेबीच्या प्रशिक्षण संस्थेच्या) परीक्षांची पुस्तिका मात्र वाचा, विशेषतः सिक्युरिटीज ऑपरेशन्स आणि जोखमीची. भाषा कोरडी आहे, पण आपल्या बाजारातला सौदा कसा मिटतो ते नीट सांगितलंय. परीक्षा दिलीत तर उत्तम, नाही दिलीत तरी चालेल.

त्याहून चांगलं म्हणजे दोन खेळणी बनवा.

एक, ऑर्डर जुळवणारं यंत्र. दोनशे-तीनशे ओळींचं. समजा खरेदीला तीन ऑर्डरी उभ्या आहेत: १००.०५ ला २०० नग, आधी आलेली, १००.०५ लाच ३०० नग, तीन सेकंदांनी आलेली, आणि १००.०० ला ५०० नग. आता एक विकणारा येतो: १००.०० ला ४०० नग. काय होईल? विकणाऱ्याला शंभरच मागायचे होते, तरी त्याला १००.०५ मिळतात. पहिल्याचे २०० पूर्ण, दुसऱ्याच्या ३०० पैकी २००, उरले १००. शंभरवाला तसाच उभा. आधी भाव, मग वेळ. आता मी मुलाखतीत विचारते: दुसऱ्याने उरलेल्या शंभराचे दीडशे केले तर? नग वाढवले तर तो त्या भावाच्या रांगेत शेवटी जातो. कमी केले तर जागा राहते. एसटीच्या रांगेत आपली जागा धरून मागून आणखी दोघांना आत घेतलं तर लोक काय म्हणतील, तोच न्याय. हे ज्याने स्वतः लिहून पाहिलंय तो पटकन बोलतो, ज्याने वाचलंय तो छताकडे बघतो.

दोन, भावकॉपी. एनएसई रोज संध्याकाळी सगळ्या शेअरांचे दिवसाचे भाव फाइलमध्ये देते, फुकट. पाच वर्षांच्या फायली उतरवा, पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये भरा आणि प्रत्येक शेअर दिवसाला किती टक्के हलला ते काढा. मग सगळ्यात मोठ्या पडझडी वर आणा. २८ ऑक्टोबर २०२४ ला रिलायन्स निम्म्यावर आलेला दिसेल. कुणी बुडालं नाही. एकास एक बोनसचा तो दिवस होता, एकाचे दोन शेअर झाले म्हणून भाव अर्धा. तुमच्या प्रोग्रॅमला हे कळत नसेल तर तो खोटं बोलतोय. बोनस, स्प्लिट, विलीनीकरण, नाव बदलणं, हे सगळं सांभाळायला लागलात की ‘कॉर्पोरेट ॲक्शन’ नावाची अख्खी टीम का असते ते समजेल. आणि जुलै २०२४ पाशी येऊन तुमचा लोडर तसाही फुटेल, कारण तेव्हा एक्स्चेंजने फाइलचा साचाच बदलला. ते फुटणंही अभ्यासातच धरा. बाहेरून येणारी फाइल उद्या तशीच येईल असं या धंद्यात धरून चालायचं नसतं.

भाषांचं थोडक्यात सांगते. जावा किंवा सी प्लस प्लस यातली एक पक्की, पायथन कामापुरतं, एसक्यूएल मात्र मनापासून. लिनक्सवर ग्रेप आणि ऑक न बघता चालवता यायला हवं. बाकी तिथे गेल्यावर शिकवतात.

पैसे फ्लोटमध्ये ठेवू नका

ही पाटी मी टीमच्या फळ्यावर एकदा लिहिली होती, पुणेरी पाट्यांच्या चालीवर: ‘येथे डबलमध्ये रक्कम ठेवणाऱ्यास चहा मिळणार नाही.’ फ्लोट आणि डबल म्हणजे संगणक दशांश आकडे बायनरीत, अंदाजाने साठवतो ते प्रकार. शून्य पूर्णांक एकमध्ये शून्य पूर्णांक दोन मिळवले की बायनरीत ०.३ येत नाही, दशांशाच्या सतराव्या घरात एक ४ चिकटून येतो. एका सौद्यात कुणाला दिसणार नाही, पण दहा लाख सौद्यांची बेरीज समोरच्या बँकेशी काही पैशांनी चुकते आणि ते काही पैसे शोधायला एक माणूस दोन दिवस बसतो. रक्कम पैशांत पूर्णांक म्हणून ठेवा किंवा जावातला अचूक दशांशांचा प्रकार, बिगडेसिमल, वापरा. बिगडेसिमलची एक खोडी: त्याच्या ‘इक्वल्स’ला २.० आणि २.०० वेगळे वाटतात. तुलना ‘कम्पेअर-टू’ने करा. माझा पहिला प्रॉडक्शन दोष हाच होता, त्यामुळे ही खोडी मी विसरणं शक्य नाही.

‘पैसे म्हणजे दोन दशांश’ हेही डोक्यातून काढा. जपानी येनला दशांश नाहीत, कुवेती दिनारला तीन आहेत. अमेरिकी सरकारी बाँडचा भाव ९९-१६ असा दिसला तर तो ९९.१६ नव्हे, बत्तिसाव्या भागात मोजतात, म्हणजे साडेनव्व्याण्णव.

आणि भाव ऋण असू शकतो. हे वाक्य २०२० च्या एप्रिलपर्यंत मी म्हटलं असतं तर लोक हसले असते. २० एप्रिलला अमेरिकेत कच्च्या तेलाचा मे महिन्याचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला. तेल घ्या आणि वर पैसेही घ्या, कारण ठेवायला जागा नाही. आपल्या एमसीएक्स या वायदे बाजारात लॉकडाऊनमुळे व्यवहार संध्याकाळी पाचलाच थांबले होते, शेवटचा भाव ९६५ रुपये, आणि हिशेब मिटवायचा ठरला उणे २,८८४ ला. त्या आठवड्यात जगभर किती प्रोग्रॅममध्ये ‘भाव शून्यापेक्षा मोठा असावा’ ही ओळ सापडली असेल! ती ओळ लिहिणारा मूर्ख नव्हता. त्याने बाजाराला विचारलं नव्हतं, एवढंच.

घड्याळ: माझा सगळ्यात महागडा धडा

हे सविस्तर सांगते, कारण इथे मी तोंडावर आपटलेय. तेव्हा दुसऱ्या एका ठिकाणी होते. अमेरिकी शेअरांचे बंद भाव उचलून रात्रीचा नफा-तोटा काढणारं एक जॉब, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप चालणारा प्रोग्रॅम, मी जुलैत लिहिलं. न्यूयॉर्क बंद होतं तिथल्या दुपारी चारला, म्हणजे आपल्या रात्री दीडला. भावांची फाइल पंधरा मिनिटांत येते. मी जॉब लावलं आपल्या वेळेने रात्री दोनला. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, गणपती, दसरा, सगळं सुरळीत.

नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेने घड्याळं तासाने मागे घेतली. आपण घड्याळ कधी हलवत नाही, म्हणून आपल्या अंगात हे मुरलेलंच नसतं. आता त्यांचे चार म्हणजे आपले अडीच. सोमवारच्या सत्रासाठी माझं जॉब दोनला उठलं, फोल्डरमध्ये शुक्रवारची फाइल होती, तीच इमानदारीने उचलली. ना एरर, ना लाल दिवा. जॉब हिरवं.

मंगळवारी दुपारी साडेबाराला लंडनहून फोन आला. तिथे सकाळचे सात. पलीकडचा माणूस शांतपणे म्हणाला, ‘काल बाजार हलला, आणि माझ्या सगळ्या अमेरिकी बुकात बदल शून्य आहे. मला शून्य आवडत नाही.’

मी तोवर डबा उघडला होता. तो तसाच राहिला. चूक काय हे पाच मिनिटांत कळलं, पण ते महत्त्वाचं नाही. मी तेव्हा पहिला अर्धा तास ‘आमच्याकडे तर जॉब यशस्वी दिसतंय’ असं मेलवर लिहीत राहिले. आजही ते मेल आठवले की कान गरम होतात. त्या अर्ध्या तासात तो माणूस चुकीच्या आकड्यांवर निर्णय घेऊ शकला असता.

तेव्हापासून दोन नियम. पहिला कोडचा: वेळ आपल्या घड्याळाने लावायची नाही. बाजार ज्या शहरात आहे त्याच्या टाइमझोनने लावायची, आणि फाइल आली एवढ्यावर भागवायचं नाही. फाइलच्या आत तारीख असते; ती अपेक्षित कामकाजाच्या दिवसाशी जुळली नाही तर जॉब तिथेच पाडायचं. पडलेलं जॉब बरं. चुकीचा आकडा घेऊन हिरवं झालेलं नको. लंडन मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ हलवतं, अमेरिका मार्चच्या दुसऱ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. मधल्या आठवड्यांत न्यूयॉर्क आणि लंडनमधलं अंतर चार तास असतं, एरवी पाच. ते आठवडे भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेनने करून ठेवा, मी ठेवते. सुट्ट्यांचंही तसंच: प्रत्येक बाजाराची यादी वेगळी, आणि शेअर बाजार उघडा पण बँका बंद असेही दिवस येतात.

दुसरा नियम बोलण्याचा. डेस्कवरून फोन आला की आधी तीनच वाक्यं: काय चुकलंय, कधीपासून, कुठले आकडे वापरू नका. कारण नंतर. कुणाची चूक हे त्याहून नंतर. ‘पाहते आणि सांगते’ एवढं पुरत नाही. ‘एक वाजता पुन्हा फोन करते’ म्हणा, आणि काही सापडलं नसलं तरी एक वाजता करा. डेस्कवरची माणसं तुसडी बोलतात, पण वेळ पाळणाऱ्याला मान देतात.

रिलीजच्या दिवशी

बहुतेक बदल शनिवारी जातात, म्हणजे तुमचे काही शनिवार गेले म्हणून समजा. नाइट कॅपिटल या अमेरिकी ब्रोकर कंपनीची गोष्ट नव्या प्रत्येकाला सांगते. १ ऑगस्ट २०१२. आठ सर्व्हर, नवीन कोड सातांवरच गेला. आठव्यावर एक वर्षानुवर्षं न वापरलेला जुना तुकडा होता, आणि नव्या कामासाठी जो फ्लॅग (चालू-बंदची खूण) वापरला तो त्याच जुन्या तुकड्याचा होता. बाजार उघडल्यावर आठवा सर्व्हर जागा झाला आणि साधारण ४५ मिनिटांत कंपनीचे ४४ कोटी डॉलरच्या वर गेले. बाजार उघडण्याआधी त्यांच्या सिस्टिमने त्या गडबडीबद्दल ९७ मेल पाठवले होते. कुणी पाहिले नाहीत, कारण ते मेल ‘धोका’ म्हणून येतात असं कुणी ठरवलंच नव्हतं.

यातून करायचं ते साधं: मरण पावलेला कोड काढून टाका, जुना फ्लॅग नव्या कामाला लावू नका, आणि रिलीजनंतर सर्व्हर मोजा. अक्षरशः बोटांनी. मी अजून मोजते, पोरं हसतात.

तुमचं डीमॅट आणि तुमचे नातेवाईक

रुजू झालात की पहिल्या आठवड्यात सगळी डीमॅट खाती जाहीर करावी लागतात, बऱ्याच ठिकाणी नवऱ्या-बायकोचीही. शेअर घ्यायचा तर आधी परवानगी, घेतल्यावर ठरावीक दिवस विकायचा नाही. लपवलं आणि सापडलं तर नोकरी जाते, त्यात दयामाया नाही. काही भूमिकांमध्ये वर्षातून एकदा सलग दहा कामाचे दिवस सक्तीची रजा असते, लॅपटॉपही बंद. तुम्ही नसताना तुमच्या कामात काही लपलेलं वर येतं का हे बघायला. आम्ही त्यात कोकणात जातो.

नातेवाईक टिप मागणार. लग्नात, बारशात, एकदा तर तेराव्याला. मी सरळ सांगते, मला काहीच कळत नाही, आणि कळलं तर सांगता येत नाही. फारच मागे लागले तर सेबीचा आकडा ऐकवते: २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये उतरलेल्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सौद्यांच्या एवढ्या जवळ बसूनही माझी स्वतःची गुंतवणूक म्हणजे दोन इंडेक्स फंड आणि पीपीएफ.

स्क्रीनचा फोटो काढू नका. वाढदिवसाचा केक टेबलावर आणि मागे स्क्रीनवर कुणाच्या तरी पोझिशन्स, म्हणजे हातात किती काय आहे ते, अशा सेल्फीवरून चौकशी झालेली मी पाहिलीय.

बोनस आणि बस

बोनस साधारण फेब्रुवारी-मार्चात कळतो. तो आला तर आला. त्यावर गृहकर्जाचा हप्ता बांधू नका. बँका एकमेकींत विरघळतात. जून २०२३ मध्ये क्रेडिट स्वीस यूबीएसमध्ये गेली आणि दोघींची माणसं पुण्यात होती. इमारतीवरची पाटी बदलते, सौद्याच्या मागे चालता येणं तुमच्याबरोबर येतं.

कोथरूडहून खराडी म्हणजे पूर्वी जाऊन-येऊन तीन तास. मार्च २०२४ मध्ये मेट्रो रामवाडीपर्यंत गेली तेव्हापासून वनाजला चढते, रामवाडीला उतरून पुढे रिक्षा. परतताना उशीर झाला तर कंपनीची कॅब, पण बायकांनो, शेवटच्या शिफ्टला सोबत कोण असतं ते रुजू होण्याआधी विचारा. न्यूयॉर्कचा डेस्क मिळाला असेल तर पहिले सहा महिने घर ऑफिसजवळ घ्या, मग ठरवा.

राहिली सुट्ट्यांची वाटणी. लक्ष्मीपूजनाला आपला बाजार तासभर मुहूर्ताचे सौदे करून दिवे लावतो, पण न्यूयॉर्कला त्याचं काही नसतं. तिथला बंद भाव रात्री येणारच आणि कुणीतरी बघायला लागणारच. त्या रात्री कोण बसणार याची यादी गणपतीतच करा, नंतर भांडणं होतात. आमच्यात केरळचा एक जण दिवाळीच्या तिन्ही रात्री घेतो आणि त्या बदल्यात ओणमला मी त्याच्या जागी बसते. ओणमच्या दुसऱ्या दिवशी तो केळ्याचे वेफर्स आणतो, पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी मी चकल्या नेते. दोघांच्याही नावापुढे तारखा लिहिलेला तो कागद प्रिंटरच्या वर चिकटवलाय.